प्रश्न तुमचे: ट्रेकला नागलीची भाकरी

प्रश्न: हरिहर गडावर गेलो होतो तेव्हा निरगुडपाड्यात एका घरी नागलीची (म्हणजे नाचणीची) भाकरी आणि ठेचा खाल्ला, अजून चव जिभेवर आहे. घरी केली तर थापतानाच तुटते. आता साल्हेर किल्ल्यावर मुक्कामी जायचंय, सोबत नेली तर टिकेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: टिकेल की! आधी तुटण्याचं बघू. नागलीत ग्लूटेन नसतं, म्हणून गार पाण्यात पीठ भिजवलं की चिरा पडणारच. पाण्याला उकळी आणा, मीठ टाका, त्यात पीठ घालून झाकून ठेवा आणि कोमट झालं की तळहाताने चांगलं रगडून मळा, मग थापा, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा, ते पाणी सुकायच्या आत उलटा. पीठ मात्र ताजं पाहिजे, पेठ-सुरगाण्याकडची नागली मिळाली तर सोनं.

नेताना पूर्ण गार करून सुती फडक्यात बांधा. गरम भाकरी फॉइलमध्ये कोंबली की वाफेने ओली होते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. ठेचा पाणी न घालता तेलावर परतलेला घ्या, कांदा तिथेच फोडा. कडक झालेली भाकरी निखाऱ्यावर शेकली तर मला ताजीपेक्षा जास्त आवडते, खरं सांगतो.

आणि साल्हेर १५६७ मीटर आहे, उगाच ओझं कशाला? पायथ्याच्या साल्हेरवाडीत आधी सांगून ठेवलं तर गरम भाकरी मिळू शकते, पैसे देताना घासाघीस तेवढी करू नका.