ब्रेक दाबला की मीटरचा लाइट का पेटतो?

प्रश्न: माझ्याकडे बाबांची १९८६ची पद्मिनी आहे. दिवाळीआधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, गाडी एकदम नवीसारखी झाली, पण तेव्हापासून लाइटचा भलताच घोळ सुरू झालाय. सगळे लाइट बंद ठेवून ब्रेक दाबला तर मीटरमधला लाइट मंद पेटतो. साइड लाइट लावून ब्रेक दाबला तर मागचा उजवा दिवा चक्क विझतो, डावा बरोबर चालतो. उजवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवापण त्याच्यासोबत लुकलुकतो. इलेक्ट्रिशियनने फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बदलला, मग स्विच बदलला, फरक शून्य. आता तो म्हणतो सगळं वायरिंगच नवीन टाका. टाकू का?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: नका टाकू. उत्तर तुम्हीच दुसऱ्या वाक्यात लिहून दिलंय, डेंटिंग-पेंटिंग.

आता बघा, या जुन्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते, म्हणजे दिव्यापर्यंत करंट वायरने जातो आणि परत येतो तो पत्र्यातून. मागचा दिवा ज्या स्क्रूंनी पत्र्याला कसलेला असतो तेच स्क्रू त्याची अर्थिंग. पेंटरने दिवे काढले, पत्रा मस्त रंगवला, रंगाच्या थरावरच दिवा परत कसून टाकला, झालं, करंटची परतीची वाट बंद. पेंटरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कोणी सांगतच नाही की बाबा या चार बोटं जागेवर रंग मारू नको.

मोरी तुंबली की पाणी थांबत नाही, दुसरीकडून वाट काढतं, तसंच इथे होतंय. ब्रेकचा करंट बल्बच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून (आतली पेटणारी तार) होल्डरच्या बॉडीत येतो, पुढे अर्थ नाही, म्हणून तो त्याच बल्बच्या ५ वॅटच्या साइड लाइटवाल्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो आणि साइड लाइटच्या वायरने मीटरच्या बल्बपर्यंत जाऊन तिथे बॉडी गाठतो. म्हणून तो मंद पेटतो. आणि साइड लाइट चालू असताना त्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना बॅटरीचे १२ व्होल्ट येतात, मग करंट वाहणार कुठून, दिवा विझणारच. इंडिकेटरचं लुकलुकणंही त्यातलंच. तुमची तिन्ही लक्षणं एकाच स्क्रूपाशी येऊन थांबतात. हे कळायच्या आधी मी स्वतःच्या फियाटचे तीन बल्ब उगाच बदललेत, त्यामुळे तुमच्या इलेक्ट्रिशियनला फार हसत नाही.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. हातभर वायर घ्या, दोन्ही टोकं सोला. डिकीत एखाद्या बोल्टाशी पत्रा चमकेपर्यंत खरवडा, वायरचं एक टोक तिथे दाबून धरा, दुसरं उजव्या होल्डरच्या धातूच्या कडेला लावा आणि घरातल्या कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा. सगळं सुरळीत पेटलं तर चोर सापडला. मल्टीमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा होल्डरच्या कडेला, वायर लांब लागेल तेवढी जोडून घ्या, ब्रेक दाबलेलाच पाहिजे हां, करंट वाहत नसेल तर मीटर काहीच सांगणार नाही. निरोगी अर्थिंगला फार तर ०.१-०.२ व्होल्ट दिसतात, तुमच्याकडे काही व्होल्ट दिसतील असं मला वाटतं.

एक शंका मात्र आधी फेडून घ्या. दोन फिलामेंटच्या २१/५च्या बल्बच्या बाजूच्या पिना वरखाली असतात, तो एकाच बाजूने बसतो. कोणी त्याच्या जागी साधा एका फिलामेंटचा बल्ब ठोकून बसवला असेल तर त्याचा एकच मोठा कॉन्टॅक्ट खालच्या दोन्ही टोकांना जोडतो आणि ब्रेक दाबला की साइड लाइट पेटतात. पण तेव्हा ते पूर्ण उजेडाने पेटतात, मंद नाही. तुमचं मंदच आहे म्हणून मी अर्थिंगवर पैज लावतोय, तरी बल्ब काढून बघाच.

दुरुस्ती सोपी आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. दिवा उतरवा, स्क्रूच्या जागी रेगमाल मारून रंग काढा, गंजका स्क्रू फेका, त्याखाली दातेरी वॉशर घाला, सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. कसल्यावर वरून थोडं व्हॅसलिन, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत हेच. मी तर होल्डरपासून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून एक वेगळी काळी वायर डिकीतल्या बोल्टाला घेतली, दिसायला ओरिजिनल नाही, शोला न्यायची असेल तर नका करू.

प्रश्न: जुनी सहा व्होल्टची चेतक आहे, हेडलाइटचा बल्ब महिन्याला उडतो, मल्टीमीटर लावला तर वायरमध्ये करंटच दाखवत नाही. (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: मीटर एसीवर ठेवा, तिच्या हेडलाइटला मॅग्नेटोचा (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) एसी जातो, डीसीवर शून्यच दिसणार. आणि मागचा बल्ब पेटतोय का ते आधी बघा. जुन्या मॉडेलमध्ये व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसतो, मॅग्नेटोवरचा सगळा भार बल्बांच्या वॅटवरच सांभाळलेला, एक उडाला की रेस वाढल्यावर उरलेल्याला जास्त व्होल्टेज मिळून तोही जातो. दोन्ही बल्ब कंपनीने दिलेल्या वॅटचेच घाला. कमी वॅटचा घालून वाचवायला जाल तर तो लवकर उडेल.