इंग्रजी शिव्यांचा नेमका अर्थ काय? गोऱ्या सहकाऱ्यांत मिसळायला त्या वापराव्यात का?

वापरू नका. अर्थ शब्दकोशात सापडेल, पण तो कामाचा नाही. 'ब्लडी' म्हणताना इंग्रजाच्या मनात रक्त नसतं. आपल्या 'लय भारी'मधल्या 'लय'चं काम तो त्यावर भागवतो. 'फकिंग'चंही बहुतेकदा तेच. हा जोर ते शब्दाच्या पोटातही घालतात, 'अब्सो-ब्लडी-ल्यूटली', आणि तोही आघाताच्या अक्षराच्या बरोबर आधी. हे कान तयार झाल्याशिवाय जमत नाही.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला क्लायंटच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. तिथे दिवसभर शिव्या चालायच्या. बिल्ड फेल झाला की शिवी, प्रिंटर अडकला की शिवी, पावसाला तर रोजच. पण नीट ऐकलं की कळायचं, शिवी वस्तूला आहे, माणसाला नाही. माणसाची चूक दाखवायची तर सुरुवात 'आय माइट बी राँग, बट' अशी. पुण्यात बसलेल्या आमच्या टीम लीडने कॉलवर फक्त शिव्या ऐकल्या, हे ऐकलं नाही. एका रिलीजच्या रात्री त्याने क्लायंटच्या मॅनेजर बाईंना विचारलं, "व्हॉट द फक इज युवर प्रॉब्लेम?" सगळे गप्प. बाई म्हणाल्या, उद्या बोलू. सकाळी मेल आला, यांना यापुढे कॉलवर घेऊ नका. निस्तरायला मी, कारण त्यांच्यासमोर मी बसत होते. पुढचे सगळे कॉल माझ्याकडे आले, याचा त्याला राग आहे. तो अजून म्हणतो, "ते देतात ते चालतं, आपण दिली की नाही, हा वर्णभेद." वर्णभेद मी तिथे पाहिलाय. हा तो नव्हे. मित्रांत 'च्यायला' म्हणणारा सासऱ्यांच्या तोंडावर तसं बोलतो का?

आणि त्या देशात हे शब्द मोकाट सुटलेले आहेत हा समजही चुकीचा आहे. टीव्हीवर रात्री 9 च्या आधी जड शिव्या चालत नाहीत. 1914 मध्ये लंडनला 'पिग्मॅलियन' नाटकात नायिका एलायझाच्या तोंडी 'ब्लडी' आला तेव्हा केवढा गहजब झाला होता. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याने जाहिरातीत 'ब्लडी हेल' घातलं, तर ब्रिटिश टीव्हीने ती जाहिरात अडवली.

अर्थात माझा अनुभव एका शहरातल्या एका ऑफिसचा. ऑस्ट्रेलियन टीम असेल तर जीभ जास्त सैल असेल. अमेरिकन माणूस 'ब्लडी' सहसा म्हणतच नाही, आणि तिथल्या धार्मिक घरांत 'डॅम'सुद्धा खटकतो. आपसात बरोबरीच्या मित्रांत तुम्ही काय बोलता त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

पण शिवी दिल्याशिवाय इंग्रजी 'अस्सल' वाटत नाही, असं आमच्या त्या लीडसारखं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. मी हवामानावर आणि लीड्स युनायटेड या तिथल्या फुटबॉल क्लबवर बोलत राहिले. मला बोलता येत नाही असं तिथे एकानेही म्हटलं नाही. ते म्हणणारा पुण्यात बसला होता.