यजमान देश म्हणजे पाहुणचार करणारा देश नव्हे

गंगापूर रोडच्या अभ्यासिकेतून एमपीएससी करणाऱ्या एका मुलीने विचारलंय की शांतिसेना जाते त्या देशाला 'यजमान देश' का म्हणायचं, तिथे मारामारी चालू असते, कसला पाहुणचार, आणि 'यजमानपद' जोडून लिहायचं की तोडून.

यजमान म्हणजे होस्ट हे आधी डोक्यातून काढ. सिंहस्थ जवळ आला तसं 'यजमान नाशिक' ऐकून कान किटलेत माझे. नवऱ्याला यजमान म्हणतात ते सगळ्यांना माहितीये, सोडून देऊ. मूळ धातू यज्. आता गंमत बघ, दुसऱ्यासाठी यज्ञ केला, म्हणजे भटजींनी, तर 'यजति', परस्मैपद. स्वतःसाठी केला तर 'यजते', आत्मनेपद, आणि यजमान आला तो त्या यजते मधून! म्हणजे मंत्र कोणीही म्हणो, फळ ज्याचं तो यजमान. मागच्या महिन्यात त्र्यंबकला चुलतभावाच्या शांतीला बसलो होतो, गुरुजींचं धडाधड चाललेलं, पण ताम्हनात पाणी सोडायची वेळ आली तसे थांबले, म्हणाले यजमानांनीच सोडायचं, माझ्या हातून चालत नाही. भावाने पळी घेतली, वहिनीने त्याच्या हाताला हात लावला, मग पाणी सोडलं.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं पहिलं तत्त्वसुद्धा हेच पाणी सोडणं, म्हणजे ज्याच्या घरात जायचं त्याची संमती. भारत, ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका इतकी वर्षं भांडतायत ते याच पाण्यावरून. त्यांचं म्हणणं, बडी राष्ट्रं येतात, निवडणुका घ्या, बाजार खुला करा अशी ठरलेली पोथी वाचतात आणि यजमानाने नुसतं मम म्हणायचं. मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत लिबियातल्या लष्करी कारवाईच्या ठरावावर भारत, ब्राझील, चीन, रशिया, जर्मनी तटस्थ राहिले, नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून सुरू झालेली कारवाई तिथला सत्ताधीश गद्दाफी जाईपर्यंत चालली, मग नोव्हेंबरात ब्राझीलने लेखीच मांडलं की रक्षण करायला जाणाऱ्यावरही जबाबदारी असते. भारताने काबूलला संसद बांधून दिली, २०१५ मध्ये, आणि त्याला मदत न म्हणता भागीदारी म्हटलं, तो शब्द उगाच निवडलेला नाही.

काही भाषाशुद्धीवाले म्हणतात यजमान नको, 'आतिथेय' म्हणा. साफ चूक. आतिथेयात अतिथी आहे, फळ कोणाचं ते कुठेय?

पण यजमान म्हणजे सरकार, विषय संपला, हे या देशांचं उत्तरही मला पटत नाही. १९८७ चा श्रीलंकेचा करार घे. सह्या राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या, तिथल्या तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईची नाहीच. थोड्याच महिन्यांत आपली शांतिसेना त्यांच्याशीच लढत होती, पुढे प्रेमदासा अध्यक्ष झाले, तेही म्हणाले निघा, मार्च १९९० ला शेवटचे जवान परतले तोवर ११०० हून जास्त मारले गेलेले. पाणी सोडलं होतं, पण घरातल्या दुसऱ्याचा हात लागलाच नव्हता ना.

तर 'यजमान देश' बिनधास्त लिही, तोडून. यजमानपद मात्र जोडून.