पंखा फिरतोय, मग आकडा शून्य का?

प्रश्न : एका जुन्या हार्डवेअर मॉनिटरिंग चिपसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहितो आहे. पंखा डोळ्यांसमोर फिरतोय, साधारण ९०० आरपीएमने (मिनिटाला फेरे), पण वेग दाखवणारी 'फॅन१_इनपुट' फाइल वाचली की शून्य येतं. पंखा जोरात पळवला की आकडा बरोबर येतो. चूक कुठे शोधू?

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. वेग वाढवल्यावर आकडा येतो, म्हणजे वायर, पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची तार वर धरणारा) आणि बस (चिपशी बोलण्याची वाहिनी) तिन्ही ठीक आहेत. उरतं ते गणित.

या जातीच्या चिप फेरे मोजत नाहीत. पंख्याच्या दोन पल्समध्ये घड्याळाचे किती ठोके पडले, ते मोजतात. म्हणून पंखा जितका सावकाश, तितकी मोजणी मोठी. घड्याळ २२.५ किलोहर्ट्झचं आणि एका फेऱ्यात दोन पल्स धरले, तर आरपीएम म्हणजे १३,५०,००० भागिले (मोजणी गुणिले डिव्हायझर). डिव्हायझर म्हणजे घड्याळाचे ठोके विरळ करणारा भाजक. डिव्हायझर २ असेल तर ९०० आरपीएमला मोजणी ७५० यायला हवी. मोजणी ठेवणारं रजिस्टर आठ बिटांचं, त्यात २५५ च्या वर काही मावत नाही. चिप २५५ वर थांबते, ड्रायव्हर २५५ म्हणजे 'पंखा बंद' असं समजतो आणि शून्य दाखवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत!

डिव्हायझर ८ करा, मोजणी १८७ च्या आसपास येईल. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. किमान वेगाची मर्यादा, म्हणजे 'फॅन१_मिन', चिपमध्ये याच मोजणीच्या रूपात साठवलेली असते. डिव्हायझर बदलला की तीही नव्याने काढून लिहावी लागते, नाहीतर पंखा ठणठणीत असताना अलार्म वाजत राहतो. आणि मोजणी शून्य आली तर भागाकाराआधीच तिला बाजूला काढा. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शून्याने भागणं म्हणजे थेट ऊप्स (कर्नलचा क्रॅश).

प्रश्न : वेग नेमका दुप्पट दिसतो. टायमिंगचा घोळ असेल का?

नाही. आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा असेल तर एका फेऱ्यातल्या पल्सची संख्या तपासा. बहुतेक पंखे दोन देतात, पण सगळे नाही. चिपला सोय असेल तर 'फॅन१_पल्सेस' त्यासाठीच आहे. कोडमध्ये हात घालू नका.

प्रश्न : एडीटी७४७५ या चिपवरचा पंखा ११७२ आरपीएमवर स्थिर आहे. पण मध्येच एखादं वाचन १११० किंवा १२४१ येतं. विजेचा नॉइज म्हणायचा का?

नॉइजला असे ठरावीक आकडे आवडत नाहीत. तेच दोन आकडे परत परत येत असतील तर मला आधी तुटलेल्या वाचनाचा संशय येतो. ताळा करून पाहू. या चिपमध्ये आरपीएम म्हणजे ५४,००,००० भागिले सोळा बिटांची मोजणी. ११७२ ला मोजणी ४६०७ आणि ४६०८ यांच्यामध्ये हेलकावे खाते. ४६०७ म्हणजे वरचा बाइट १७, खालचा २५५. ४६०८ म्हणजे वरचा १८, खालचा ०. तुम्ही एक बाइट वाचला, तेवढ्यात मोजणी बदलली आणि दुसरा बाइट नव्या मोजणीतला आला, तर १८ आणि २५५ अशी जोडी जमते : ४८६३, म्हणजे १११० आरपीएम. उलट बाजूने १७ आणि ० : ४३५२, म्हणजे १२४१. तुमचेच दोन आकडे.

चिप बनवणाऱ्यांनी यावर उपाय करून ठेवला आहे : खालचा बाइट आधी वाचला की वरचा गोठवला जातो. ड्रायव्हरमध्ये क्रम उलटा झाला असेल तर तो नीट करा. शिवाय दोन्ही वाचनं एकाच कुलपाखाली घ्या, म्हणजे दुसरी प्रोसेस मध्ये घुसणार नाही. कुलूप म्युटेक्सचंच हवं, म्हणजे धरून झोपता येईल असं. आयटूसी (चिपशी जोडणारी बस) व्यवहारात कर्नल झोपू शकतं, आणि स्पिनलॉक (झोपू न देणारं कुलूप) धरून झोपणं हा गुन्हा 'कॉन्फिग_डीबग_अॅटॉमिक_स्लीप' हा कर्नलचा पर्याय चालू असेल तर लगेच पकडला जातो.

प्रश्न : सस्पेंडमधून उठल्यावर पंखा मूळ वेगाने फिरतो, पण 'पीडब्ल्यूएम१' (पंख्याचा वेग ठरवणारी फाइल) वाचलं तर मी लिहिलेले १२८ च दिसतात. रेगमॅप (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली सोय) वापरतो. चिप खोटं बोलते आहे का?

चिपला कुणी विचारलेलंच नाही. सस्पेंडमध्ये वीज गेली, रजिस्टरं मूळ किमतींवर आली; तुम्हाला दिसतात ते १२८ रेगमॅपच्या कॅशमधले, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या प्रतीतले आहेत. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फाइलींच्या जागेतली 'रजिस्टर्स' फाइलही कॅशमधूनच उत्तर देते, तिच्यावर विसंबू नका. शेजारीच 'कॅश_बायपास' आहे, ती चालू करून पुन्हा वाचा म्हणजे खरी स्थिती कळेल. मग रिझ्यूममध्ये 'रेगकॅश_मार्क_डर्टी' (चिप कॅशशी जुळत नाही अशी खूण) आणि त्यापाठोपाठ 'रेगकॅश_सिंक' (कॅश चिपवर परत लिहिणं) बोलवा. वेगाची रजिस्टरं व्होलाटाइल (कॅशमधून न वाचण्याची) म्हणून नोंदवली आहेत ना, तेही बघा. नसतील तर पंखा बंद पडला तरी पडद्यावर जुनाच वेग दिसत राहील, आणि ते फार धोक्याचं.

'पीडब्ल्यूएम१_एनेबल' सुद्धा परत लावलं जातंय याची खात्री करा. तिथे १ म्हणजे हाती नियंत्रण. २ किंवा पुढचे आकडे म्हणजे चिपची स्वयंचलित पद्धत, मग तुमच्या १२८ ला ती विचारणार नाही.

प्रश्न : ड्रायव्हर दर सेकंदाला तापमान पाहून वेग ठरवतो. मॉड्यूल काढताना कधीकधी ऊप्स येतो, दर वेळी नाही. ड्रायव्हर निघताना चालणाऱ्या 'रिमूव्ह'मध्ये रांगेतलं काम रद्द करणारं 'कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक' आहे. मग ऊप्स का?

आहे, पण लवकर आहे. एचडब्ल्यूमॉनची (कर्नलची हार्डवेअर मॉनिटरिंग व्यवस्था) नोंदणी तुम्ही 'डेव्हएम' प्रकारची, म्हणजे आपोआप सुटणारी, केली असणार. तशी नोंदणी 'रिमूव्ह' संपल्यावर सुटते. म्हणजे काम रद्द झाल्यावरही सिसएफएसच्या, म्हणजे 'फॅन१_इनपुट'सारख्या, फाइली क्षणभर जिवंत असतात. त्या फटीत कुणी 'पीडब्ल्यूएम१_एनेबल' लिहिलं की तुमचा कोड काम पुन्हा रांगेत लावतो, आणि ते सुरू होईपर्यंत मेमरी गेलेली असते.

'डेव्हएम'च्या गोष्टी जोडल्या त्याच्या उलट क्रमाने सुटतात. म्हणून रद्द करण्याची कृती 'डेव्हएम_अॅड_अॅक्शन_ऑर_रीसेट'ने एचडब्ल्यूमॉन नोंदणीच्या आधी जोडा. मग फाइली आधी जातील, काम नंतर रद्द होईल, आणि 'रिमूव्ह' लिहायची गरजच उरणार नाही. त्याच कृतीत, काम थांबल्यानंतर, चिपला स्वयंचलित पद्धतीवर परत सोडा. तशी सोय नसेल तर पंखा पूर्ण वेगावर ठेवा. हे ऐच्छिक समजू नका. ड्रायव्हर गेल्यावर पंखा शेवटच्या मंद वेगावर अडकून राहिला, तर पुढचा भार येईल तेव्हा ते तापमान बघायला कुणीच नसेल.