पट, फळी आणि एक दुफळी

प्रश्न : यान व्हान आयक, मेमलिंग या पंधराव्या शतकातल्या फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकारांच्या 'पॅनेल पेंटिंग'ला पटचित्र म्हणावं की फलकचित्र? आणि 'डिप्टिक'ला, म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांवरच्या चित्राला, जोडचित्र चालेल का?

फलकचित्र. पटचित्र साफ चूक. पट म्हणजे कापड, आणि ही चित्रं ओकच्या फळीवरची : लाकडावर खडू नि सरसाचा लेप, तो घासून गुळगुळीत, मग तेलरंग. 'मेमलिंगचा कॅनव्हास' असं छापलेलं दिसलं की माझं पुढचं वाचन थांबतं. त्या काळात तिकडे कापडावर कोणी रंगवतच नव्हतं असं नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत डिर्क बाउट्सचं ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र लिननवर आहे. त्याला खुशाल पटचित्र म्हणा.

यावर हमखास येणारं उत्तर : मग ताम्रपट कापडाचा असतो का? अहो, तो ताम्रपट्ट. पट्ट वेगळा, पट वेगळा. आपला पाट आणि पाटी पट्टाच्या घरातली. 'पटल' सुचवणाऱ्या परिभाषाकारांनी नेत्रपटल आठवावं. पटल म्हणजे पडदा, आवरण. त्यात लाकूड कुठून आलं? शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंतासमोर शकुंतलेचं चित्र येतं ते चित्रफलकावर. तयार शब्द असताना नवे पाडायची हौस कशाला!

आता खरी गंमत. 'पॅनेल' हा शब्दच मुळात कापडाचा! लॅटिन 'पानुस' म्हणजे कापड, त्याचा तुकडा ते पॅनेल. पुढे इंग्लंडात ज्यूरींची नावं लिहिलेली चर्मपत्राची पट्टी पॅनेल झाली, मग ती यादी, मग यादीतली माणसं. सोसायटीच्या निवडणुकीत 'आपलं पॅनेल' उभं राहतं ते तिथून. दाराच्या चौकटीतली फळी हा त्याच शब्दाचा दुसरा फाटा. तेव्हा पॅनेल 'फलक'वरून आला म्हणणाऱ्यांनी नुसत्या ध्वनिसाम्यावर उड्या मारू नयेत.

पण आपली फळी बघा. फलकाची फळी झाली, आणि लाकडावरून तीही माणसांवर गेली : कार्यकर्त्यांची फळी, क्रिकेटमधली मधली फळी. एक शब्द चिंधीपासून निघाला, एक फळीपासून, आणि दोघं भेटले निवडणुकीच्या मांडवात.

हां, डिप्टिक. ग्रीकमध्ये अर्थ 'दुघडी'. आधी मेण लावलेल्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या जोडपाट्यांना म्हणत. जोडचित्र नको, त्यात बिजागरी दिसत नाही. भिंतीवर शेजारी टांगलेली कुठलीही दोन चित्रं जोडचित्रच. डच लोक 'ट्वेलौक' म्हणतात, म्हणजे दोन झडपा. बेल्जियममधल्या ब्रुजच्या जुन्या सिंट-यान्स रुग्णालयात (आता ते संग्रहालय आहे) मेमलिंगचं 1487 चं असं चित्र आहे. डाव्या फळीवर मारिया आणि बाळ येशू, उजवीवर चित्र करवून घेणारा, हात जोडलेला मार्टेन व्हान न्यूवेनहोव्ह, पुढ्यात प्रार्थनेचं पुस्तक. वय 23, चौकटीवरच लिहिलंय. घरात उघडून प्रार्थना करायची, मिटून ठेवायचं. मारियाच्या मागच्या बहिर्गोल आरशात मात्र दोघं एकाच खोलीत दिसतात.

दोन फळ्या, मध्ये बिजागरी. याला माझ्या मते अस्सल मराठी शब्द एकच : दुफळी! गावात माजते ती दुफळीही मुळात अशीच दोन फळ्यांची, हे माझं ठाम मत. तिला भांडखोर ठरवलं ते आपण. छापायला द्याल तेव्हा 'द्विफलक' लिहा. दुफळी कुठलाही संपादक ठेवणार नाही.