ओपन सोर्स ईसीयू बनवलाय, पण टेस्टर पाचच आहेत. पुरतील का?

तुम्ही लातूरहून विचारलंय: अर्डुइनो मेगा या कंट्रोलर बोर्डवर स्पीडुइनो हे ओपन सोर्स फर्मवेअर (बोर्डमधला प्रोग्राम) टाकून स्वतःचा ईसीयू, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी कधी, किती द्यायची ते ठरवणारा बोर्ड केलाय, कॉलेजच्या गो-कार्टवर इंजिन चालतंय. आता बाहेर द्यायचा तर पाच जण पुरे का, की पन्नास जमेपर्यंत थांबू?

थांबू नका, पाच पुरतात. आम्ही चारच आहोत. मी वाळूजला दिवसा गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या लाइनवर असतो आणि रात्री फर्मवेअरशी भांडतो. बाकीचे म्हणजे जालन्याचा एक गॅरेजवाला, नांदेडची कॉलेजची टीम आणि परभणीजवळच्या गावातला एक पोरगा. त्याची जुनी कार्बोरेटरवाली १५० सीसी गाडी आम्ही इंजेक्शनवर घेतली.

पहिले सहा महिने आमचे वाया गेले, त्यात चूक माझी. बोर्ड दिला की मेसेज यायचा, "लई भारी चालू लागली भाऊ." मी खूश. पण या वाक्यातून कोडमधली एक ओळही बदलता येत नाही. "मधीच मिसिंग मारू लागली" यातूनही नाही. मग नियम केला: फर्मवेअरची आवृत्ती, मॅपची (कुठल्या वेगाला किती पेट्रोल, त्या तक्त्याची) फाइल आणि लॉग (चालताना सेन्सरनी नोंदवलेले आकडे), तिन्ही पाठवल्याशिवाय चर्चा नाही. गॅरेजवाला महिनाभर रुसला होता. आता सगळ्यात स्वच्छ लॉग त्याचेच येतात.

त्या नियमाचा फायदा मे महिन्यात कळला. परभणीच्या पोराची तक्रार होती की सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण दुपारी बाजारात दहा मिनिटं उभी केली की सुरू होऊन लगेच बंद पडते. वाळूजला माझ्याकडे हे कधीच झालं नव्हतं, कारण माझं इंजिन शेडमध्ये स्टँडवर आणि समोर पंखा. मी त्याला आधी बॅटरी बघ म्हटलं, मग पंप बघ म्हटलं. दोन्ही ठीक. शेवटी लॉग उघडला. बाहेर ४२ अंश असताना आत येणाऱ्या हवेचं तापमान ७१ दाखवत होतं. सेन्सर थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला) चिकटून बसवलेला. गाडी उभी राहिली की इंजिनची धग त्याच्यात चढायची आणि ईसीयूला वाटायचं, हवा तापून विरळ झालीय, पेट्रोल कमी द्या. हिशेब केला तर ४२ आणि ७१ अंश केल्विनमध्ये धरून ३१५ भागिले ३४४, म्हणजे जवळपास आठ टक्के इंधन विनाकारण कापलं जात होतं. आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवण्याचा) मॅप मी जानेवारीत लावलेला, त्यात पेट्रोल आधीच काठावर. त्यात इंधनात २० टक्के इथेनॉल, ज्याला शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ऐवजी साधारण १३.५ चं हवा-इंधन प्रमाण (एएफआर) लागतं, म्हणजे इंधन जास्त. (म्हणून एएफआरच्या आकड्यावर वाद घालू नका, लॅम्बडात बोला, म्हणजे त्या इंधनाला लागणाऱ्या प्रमाणाच्या किती पट हवा आहे त्यात.) सेन्सर एअरबॉक्सकडे सरकवला, सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदं तापमानावरून होणारी ती इंधनाची कपात हलकी केली, झालं.

म्हणून टेस्टर किती आहेत यापेक्षा ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे बघा. वसतिगृहात शेजारी राहणारे पाच जण म्हणजे एकच टेस्टर. नांदेडच्या पोरांनी ९००० आरपीएमला इंजिन पिळलं, तेव्हा आमचं ठिणगीचं टायमिंग किती कच्चं आहे ते दिसलं. तिथं क्रँकचा एक अंश म्हणजे फक्त १८.५ मायक्रोसेकंद. आणि जालन्याच्या मेस्त्रीनं टायमिंग १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाइट मारली, तर जागेवर राहायला हवी ती खूण रेस वाढेल तशी सरकत होती. मी रात्रभर कोड चाळला. पल्सर कॉइलच्या, म्हणजे क्रँकच्या चाकावरचे दात मोजणाऱ्या सेन्सरच्या, दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या, एवढंच.

कोड बदलून दुसऱ्याला देणार असाल तर बदललेला सोर्सही द्यावा लागतो. स्पीडुइनो जीपीएल परवान्याखाली आहे. कार्टचं ठीक आहे, पण रस्त्यावरच्या गाडीला बोर्ड लावताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. मूळ बनावटीत असे बदल चालत नाहीत. आमची परभणीची गाडी आता शेतातच फिरते. तो बाजार आम्हाला महागात पडू शकला असता, हे नंतर कळलं.

शेवटचं, आणि हे बोर्ड देण्याआधीचं. प्रोसेसर रीसेट होताना त्याच्या पिना काही क्षण अधांतरी असतात. तेवढ्यात इग्निशनच्या ड्रायव्हरला (ठिणगीची कॉइल चालू-बंद करणाऱ्या भागाला) चुकून "चालू" समजलं आणि प्रोसेसर वेळेत उठला नाही, तर जी कॉइल तीनेक मिलिसेकंद चार्ज व्हायला हवी ती चार्जच होत राहते. आमची एक अशीच जळाली. शेडमध्ये दोन दिवस वास होता. ड्रायव्हरच्या इनपुटला जमिनीकडे ओढणारा एक रेझिस्टर लावला की भागतं, काही पैशांचं काम. क्रँकचे दात मोजणं थांबलं, म्हणजे इंजिन बंद पडलं, की पेट्रोलचा पंपही आपोआप बंद व्हायला हवा, नाहीतर पडलेल्या गाडीवर पेट्रोल ओतत राहील.

तुमच्या बोर्डच्या सर्किटमधला कॉइल ड्रायव्हरचा तेवढा भाग इथं टाका. रात्री शिफ्टवरून आलो की बघून सांगतो.