जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तो कक्ष) पहिला वॉच (पहाऱ्याची पाळी) घेताना

समोरच्या जहाजाचा होकायंत्रावरचा कोन दर दोन-तीन मिनिटांनी घेत राहा. अंतर घटतंय आणि कोन तोच, म्हणजे टकरीचा धोका पक्का. जहाज फार मोठं किंवा अगदी जवळ असेल तर कोन बदलत असूनही धोका असतो. नवखे हेच विसरतात. इंजिनवर चालणारं जहाज तुझ्या उजवीकडून आडवं येत असेल तर वाट तू द्यायचीस, लवकर आणि ठळक वळण घेऊन. पाच-पाच अंशांची चोरटी वळणं समोरच्याला रडारवर कळतच नाहीत. त्याचा हेतू समजेना, तर भोंग्याचे किमान पाच छोटे, झटपट आवाज दे. आणि कप्तानाला उठवायला बिचकू नकोस. १७ जून २०१७ रोजी जपानजवळ अमेरिकी युद्धनौका ‘फिट्झगेराल्ड’ची टक्कर होऊन तिच्यावरचे ७ नौसैनिक गेले, तेव्हा कप्तानाला वेळेत कळवलंच नव्हतं.